डॉट कॉम घेतलं तर अमेरिकेचं कोर्ट नागपुरात येतं का?

या वेळचं पत्र गोकुळपेठेतून आलंय. ताईंनी नाव छापू नका म्हटलंय, त्यामुळे नुसतं पत्र, तेही जरा कापून:

"मी आणि माझी जाऊ, आम्ही दोघी घरून संत्रा बर्फी, सावजी मसाला आणि थोडं वाळवण विकतो. आतापर्यंत सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चाललं, पण पुणे-हैदराबादच्या ऑर्डरी वाढल्या, न्यू जर्सीतले नातेवाईक मागवतात, दुबईलाही पार्सल जातं, म्हणून वेबसाइट काढायची आहे. पुण्याला आयटीत असलेला भाचा म्हणतो डॉट आयओ नाहीतर डॉट एआय घे, भारी दिसतं. शेजारचे काकाजी म्हणतात डॉट कॉम म्हणजे अमेरिकेचं, उद्या तिथल्या कोर्टानं काढून घेतलं तर काय करशील, डॉट इनच घे. साइट बनवणारा मुलगा म्हणतो तुम्ही टेन्शनच घेऊ नका, मी माझ्या अकाउंटवरून घेऊन टाकतो. नावात 'ऑरेंज सिटी' आणि 'नागपूर' दोन्ही टाकायचा विचार आहे. कोणाचं ऐकू? आणि खरंच अमेरिकेत केस झाली तर मला तिथं जावं लागेल का? बिलावर आम्ही 'नागपूर न्यायक्षेत्राच्या अधीन' छापतोच, ते पुरत नाही का?"

ताई, आधी काकाजींना माझा नमस्कार सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या कायद्याच्या गोष्टींतल्या बहुतेक निव्वळ फेकाफेकी असतात, पण ही खरी आहे. डॉट कॉमवर अमेरिकेच्या कोर्टाचा हात पोचतो, आणि तुम्ही कधी अमेरिकेला गेल्या नसाल, तुमचा सर्व्हर मुंबईत असेल, पैसे रुपयात भरले असतील, तरी पोचतो. फक्त काकाजी जिथं बोट दाखवून राह्यले तिथून तुम्हाला धोका फार कमी आहे, आणि खरा धोका तुम्ही पत्रात एका ओळीत सांगून पुढे निघून गेल्या. तो म्हणजे साइट बनवणारा मुलगा. त्याच्यावर येतो, पण आधी काकाजींचं पूर्ण करू.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, ही तुमच्या कॉम्प्युटरवर ठेवलेली वस्तू नाही, ती एका नोंदवहीतली नोंद आहे, शेत वाडीत असलं तरी नाव कोणाचं ते जसं सातबाऱ्यावर ठरतं तसं. डॉट कॉमची ही वही व्हेरिसाइन नावाच्या कंपनीकडे आहे आणि ती कंपनी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात रेस्टन गावी बसते. डॉट नेटची वहीसुद्धा तिच्याकडेच. डॉट ऑर्ग दुसऱ्या संस्थेकडे आहे, पण ती संस्थाही त्याच रेस्टनमध्ये. म्हणजे जगातलं कुठलंही डॉट कॉम घ्या, त्याची नोंद बदलायची असेल तर अमेरिकन कोर्टाला अमेरिकेतल्याच एका कंपनीला एक आदेश पाठवायचा असतो, बस. मालक नागपूरचा आहे का नैरोबीचा, त्यानं काही अडत नाही.

हे नुसतं कागदावर नाही, झालेलं आहे. २०१० पासून अमेरिकन सरकारनं पायरेटेड सिनेमे, नकली माल, मॅचचं फुकट प्रक्षेपण अशा साइट्सची डोमेनं थेट जप्त करायला सुरुवात केली, त्या नोव्हेंबरात एका फटक्यात ८२. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २०११ च्या सुरुवातीला, रोजादिरेक्ता नावाची स्पेनमधली साइट गेली, फुटबॉलच्या मॅचच्या लिंका देणारी. गंमत म्हणजे ही साइट स्पेनच्या कोर्टात जिंकलेली होती, तिथल्या कोर्टानं सांगितलं होतं की हे बेकायदा नाही. पण डॉट कॉम आणि डॉट ऑर्गच्या वह्या स्पेनमध्ये नाहीत ना. डोमेनं गेली ती गेलीच, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये परत मिळाली, म्हणजे दीड वर्षाहून जास्त. तोवर ते लोक दुसऱ्या शेपटांवर, म्हणजे नावाच्या शेवटी डॉट कॉमच्या जागी दुसरं काहीतरी लावून, दुकान मांडून बसले होते.

२०१२ च्या फेब्रुवारीत बोडॉग डॉट कॉम या ऑनलाइन जुगाराच्या साइटचं झालं ते तर अजून शिकण्यासारखं आहे. त्यांनी हुशारी करून डोमेन कॅनडातल्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे, ठेवलं होतं, की अमेरिकेचा त्रास नको. मेरीलँडच्या सरकारी वकिलांनी त्या कॅनडावाल्याला विचारलंही नाही, सरळ वही ठेवणाऱ्या व्हेरिसाइनकडे आदेश गेला आणि विषय संपला. म्हणून कोणी तुम्हाला म्हणालं की डॉट कॉम घ्या पण भारतीय कंपनीकडून घ्या म्हणजे अमेरिकेचा संबंध संपला, तर ते अर्धंच खरं आहे. अर्धं खरं कसं ते खाली सांगतो.

पण आता जरा शांत बसून पाहा, यातले लोक कोण आहेत. जुगार, पायरसी, नकली पर्स. संत्रा बर्फीसाठी अमेरिकेचं सरकार उठून डोमेन जप्त करायला येत नाही हो, त्यांना दुसरी कामं आहेत. तुमच्यासारख्या धंद्यावर आला तर कोणीतरी खासगी माणूस येईल, म्हणजे एखादी कंपनी म्हणेल की तुमचं नाव आमच्या ट्रेडमार्कसारखं आहे. त्यासाठीसुद्धा अमेरिकेत १९९९ चा सायबरस्क्वॅटिंगविरोधी कायदा आहे आणि त्यात एक अफलातून सोय आहे: मालकावर तिथल्या कोर्टाचा अधिकार चालत नसेल किंवा मालक सापडत नसेल तर थेट डोमेनवरच केस टाकायची, प्रतिवादीच्या जागी तुमचं नाव नाही, तुमच्या वेबसाइटचं नाव! ही केस जिथं वही आहे तिथं चालते, म्हणजे व्हर्जिनियात. नोटीस ईमेलनं आणि पोस्टानं येते, आणि ती स्पॅममध्ये जाऊन पडली आणि कोणी हजरच झालं नाही तर निकाल एकतर्फी लागतो आणि डोमेन समोरच्याच्या नावावर.

मात्र हे असं एकाच बाजूनं सांगून मी तुम्हाला घाबरवणार नाही, कारण तोच कायदा एका लहान माणसाच्या कामीही आलाय आणि तुम्ही नावात शहर टाकणार आहात म्हणून ती केस तुमच्या उपयोगाची आहे. बार्सिलोना डॉट कॉम. एका स्पॅनिश नवरा-बायकोनं १९९६ मध्ये हे डोमेन घेतलं, पुढे बार्सिलोनाची नगरपालिका जागी झाली आणि म्हणाली शहराचं नाव आमचं. २००० साली तंट्यांच्या आंतरराष्ट्रीय पॅनेलनं नगरपालिकेच्या बाजूनं निकाल दिला. मग या लोकांनी अमेरिकेत दावा टाकला आणि २००३ मध्ये तिथल्या अपील कोर्टानं सांगितलं की इथं स्पेनचा नाही, अमेरिकेचा कायदा लागेल, आणि त्या कायद्यात नुसत्या शहराच्या नावावर कोणाची मक्तेदारी नसते. डोमेन वाचलं. दोन्ही पक्ष स्पेनचे, शहर स्पेनचं, नगरपालिका स्पेनची, आणि ठरवलं कोणी तर व्हर्जिनियाकडच्या कोर्टानं. तेव्हा डॉट कॉम घेणं म्हणजे अमेरिकन कायदा अंगावर घेणं हे खरं, पण तो कायदा दर वेळी तुमच्या विरोधातच असेल असं नाही.

आता ते अर्धं खरं. वही ठेवणारा एक, आणि तुम्ही ज्याच्याकडून पैसे भरून डोमेन घेता तो रजिस्ट्रार वेगळा. रजिस्ट्रार कुठल्या देशात बसतो यानं दोन गोष्टी बदलतात आणि दोन्ही तुमच्या हातात आहेत. पहिली म्हणजे त्या देशाचे निर्बंध त्याला पाळावे लागतात. २००७ मध्ये स्पेनमध्ये राहणाऱ्या एका ब्रिटिश ट्रॅव्हल एजंटाची ऐंशीएक डोमेनं एका सकाळी बंद पडली, कारण तो युरोपातल्या लोकांना क्यूबाच्या सहली विकायचा आणि त्याचं नाव अमेरिकन अर्थखात्याच्या काळ्या यादीत होतं. इंग्लंडच्या कायद्यात काही गैर नाही, स्पेनच्या कायद्यात काही गैर नाही, गिऱ्हाईकही अमेरिकन नाही, पण रजिस्ट्रार अमेरिकन. रशिया-युक्रेन सुरू झालं तेव्हा २०२२ मध्ये नेमचीप या अमेरिकन कंपनीनं रशियातल्या गिऱ्हाईकांना दुसरीकडे जायला सांगितलं, तोच प्रकार. उद्या भारताचं असं काही होईल असं मी म्हणत नाही, पण तुमचं दुकान दुसऱ्याच्या परराष्ट्र धोरणावर काहून टांगून ठेवायचं?

दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे आणि ही साइट बनवणाऱ्यांना सहसा माहीत नसते. डॉट कॉम घेताना तुम्ही एका नियमाला आपोआप हो म्हणता, त्याचं नाव यूडीआरपी. कोणाला वाटलं की तुम्ही वाईट हेतूनं त्याच्या ट्रेडमार्कचं डोमेन घेतलंय तर तो कोर्टात न जाता पॅनेलकडे तक्रार करतो, जिनिव्हाच्या वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) केली तर साध्या तक्रारीची फी १५०० डॉलर, तुम्हाला उत्तर द्यायला २० दिवस, सगळं ईमेलवर. समजा तुम्ही हरल्या. मग कामकाजाचे १० दिवस मिळतात, तेवढ्यात तुम्ही कोर्टात दावा टाकून त्याचा पुरावा दिला तर डोमेन हलवायचं थांबतं. पण कुठल्या कोर्टात? तक्रारदारानं तक्रार करतानाच ठरवलेलं असतं, आणि त्याच्यापुढे दोनच पर्याय असतात: रजिस्ट्रारचं मुख्य ऑफिस जिथं आहे तिथलं, नाहीतर तुम्ही नोंदणीत दिलेल्या पत्त्यावरचं. रजिस्ट्रार अ‍ॅरिझोनाचा असेल तर समोरचा वकील डोळे मिटून अ‍ॅरिझोना लिहिणार, आणि दहा दिवसांत तुम्ही तिथं वकील शोधणार कधी. रजिस्ट्रार भारतातला असेल आणि पत्ता गोकुळपेठेचा असेल तर त्यानं काहीही निवडलं तरी कोर्ट भारतातलंच. म्हणून डॉट कॉम घ्या, पण भारतात मुख्य ऑफिस असलेल्या रजिस्ट्रारकडून घ्या, आणि ऑफिस खरंच भारतात आहे का, का नुसती वेबसाइट हिंदीत आहे, हे त्यांच्या अटी उघडून पाहा. शेवटाकडे 'गव्हर्निंग लॉ', म्हणजे कुठला कायदा लागेल, असं काहीतरी कलम असतं, तेवढं वाचलं तरी चालेल, बाकीचं कोणीच वाचत नाही.

आता भाच्याकडे. त्याला सांगा मावशीनं मनावर घेतलं नाही म्हणून रागावू नको. दोन अक्षरांचं शेपूट म्हणजे कुठल्या तरी देशाचं किंवा प्रदेशाचं शेपूट, ते दिसायला कितीही टेक्निकल वाटो. डॉट एआय हे कॅरिबियनमधल्या अँग्विला नावाच्या बेटाचं आहे, आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा त्याच्याशी जन्मजात काही संबंध नाही. डॉट आयओ हे हिंदी महासागरातल्या ब्रिटिश ताब्यातल्या चागोस बेटांचं. ही बेटं मॉरिशसला द्यायचं ब्रिटननं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं आणि मे २०२५ मध्ये करारावर सह्याही झाल्या, आणि तेव्हापासून जगभरचे स्टार्टअपवाले विचारून राह्यले की प्रदेशच उरला नाही तर त्याच्या शेपटाचं काय. एका रात्रीत बंद पडणार नाही हे नक्की, अशा गोष्टींना वर्षं लागतात, पण युगोस्लाव्हियाचं डॉट वाययू २०१० मध्ये खरंच पुसलं गेलंय. आणि ब्रेक्झिटनंतर १ जानेवारी २०२१ ला ब्रिटनमधल्या लोकांची डॉट ईयू डोमेनं, ऐंशी हजारांच्या आसपास, निलंबित झाली होती, कारण नियम असा की मालक युरोपियन युनियनचा पाहिजे आणि ब्रिटिश आता युनियनचे नव्हते. बिचाऱ्यांनी काही चूक केली नव्हती, मतदान केलं होतं फक्त, आणि काहींनी तर तेही उलटंच केलं असेल.

लिबियाचं डॉट एलवाय छोट्या लिंकांसाठी लोक आवडीनं घ्यायचे. २०१० मध्ये व्हीबी डॉट एलवाय नावाची एक साइट लिबियानं काढून टाकली, म्हणे आमच्या धार्मिक कायद्यात बसत नाही. साइट चालवणारे अमेरिकेत, त्यांनी कधी विचारही केला नसेल की आपल्याला त्रिपोलीचा कायदा लागतो. २०२४ मध्ये अफगाणिस्तानच्या डॉट एएफवर एका समलिंगी लोकांच्या सोशल साइटचं डोमेन तालिबानच्या राजवटीत बंद झालं, यात तरी कोणाला आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. आफ्रिकेतल्या गॅबॉनचं डॉट जीए एक परदेशी कंपनी फुकट वाटायची, २०२३ मध्ये गॅबॉननं ते परत ताब्यात घेतलं आणि फुकटातली लाखो डोमेनं गेली. अँग्विला किंवा मॉरिशस असं काही करतील असं मला वाटत नाही, सभ्य लोक आहेत. पण काही झालं तर तुम्ही दाद मागायला जाणार कुठं? नागपूर खंडपीठाच्या आदेशाला अँग्विलात कोण विचारतो. आणि खरं सांगू का, सावजी मसाला घेणाऱ्या बाईला डॉट आयओ म्हणजे काय हेच माहीत नसतं, ती सवयीनं डॉट कॉम टाइप करणार आणि दुसऱ्याच कोणाच्या दुकानात जाऊन पडणार.

मग डॉट इन. याची वही निक्सीकडे, म्हणजे भारतातल्या संस्थेकडे. तंटा झाला तर आयएनडीआरपी नावाची पद्धत आहे, आपल्याच १९९६ च्या लवाद कायद्याखाली एक लवाद नेमतात, आणि निर्णय पटला नाही तर भारतातल्याच कोर्टात जाता येतं. हे दिल्लीकडे झुकतं, नागपूरहून दिल्ली काही जवळ नाही, पण रात्रीची ट्रेन आहे, वकील मिळतो, भाषा कळते. डोमेनच्या नावाला आपल्याकडे ट्रेडमार्कसारखंच संरक्षण आहे हे सुप्रीम कोर्टानं २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या केसमध्ये सांगितलंय, म्हणजे कोणी तुमच्या नावाची नक्कल करून डोमेन घेतलं तर तुम्हीही दावा टाकू शकता, आणि समोर डॉट इन असेल तर आदेश बजावणंही सोपं जातं.

डॉट इनचं एक ध्यानात ठेवा, तिथं दुसऱ्याच्या आड नाव-पत्ता लपवायची प्रॉक्सीची सोय चालत नाही. घरून धंदा करणाऱ्या बायकांना हे खटकू शकतं आणि मला ते समजतं, त्यामुळे घराच्या पत्त्याऐवजी एखादा गाळा किंवा धंद्याचा पत्ता असेल तर तो द्या, पण खरा द्या, खोटा पत्ता दिला तर तेवढ्यावरच डोमेन जाऊ शकतं. आणि डॉट इन म्हणजे सगळ्यांपासून सुरक्षित असंही समजू नका. आपल्या सरकारचा आणि आपल्या कोर्टांचा हात तिथं सगळ्यात लवकर पोचतो. तुम्ही बर्फीऐवजी बातम्यांचं पोर्टल काढत असत्या, रोज कोणाची तरी भानगड छापत असत्या, तर मी कदाचित उलटा सल्ला दिला असता, कारण परदेशी शेपटाची साइट इथं इंटरनेट कंपन्यांकडून ब्लॉक होते पण बाहेर दिसत राहते, आणि डॉट इनची नोंदच गेली तर ती जगभरातून जाते. बर्फीला ही चिंता नाही.

म्हणून माझं म्हणणं: मुख्य दुकान डॉट इनवर, आणि त्याच नावाचं डॉट कॉम घेऊन ते डॉट इनकडे वळवून ठेवा, म्हणजे दुसरा कोणी घेणार नाही. देवनागरीतलं डॉट भारतही २०१४ पासून मिळतं, हौस असेल तर घ्या, पण ईमेलला अजूनही ठिकठिकाणी अडतं म्हणून त्यावर धंदा उभा करू नका. काकाजी जिंकले, पण थोड्या वेगळ्या कारणानं.

अमेरिकेला जावं लागेल का. नाही, विमानात बसायचं कारण नाही. पण जरा नीट समजून घ्या. तुमची साइट डॉलर घेऊन राह्यली, न्यू जर्सीला नेमानं पार्सल पाठवून राह्यली, तर तिथलं कोर्ट म्हणू शकतं की ही बाई आमच्या राज्यात धंदा करते, आमचा अधिकार आहे. यात शेपटाचा काही संबंध नाही, डॉट इनवरून विकलं तरी हेच. अमेरिकेचा निकाल मात्र नागपूरच्या जिल्हा कोर्टात थेट अंमलबजावणीला लावता येत नाही, कारण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली जे देश जाहीर आहेत त्यांत अमेरिका नाही. समोरच्याला इथं नव्यानं दावा टाकावा लागतो आणि कलम १३ खाली तुम्ही त्या निकालावर हरकती घेऊ शकता. म्हणजे तुमचं घर, खातं, मसाल्याचं मशीन यांच्यापर्यंत यायला त्याला सिव्हिल लाइन्सच्या कोर्टाच्या पायऱ्या चढाव्याच लागतात, आणि तिथं तारखा कशा पडतात ते त्याला हळूहळू कळेल. पण डॉट कॉम डोमेनसाठी त्याला नागपुरात यायची गरजच नाही, ते आधीपासून व्हर्जिनियातच आहे, काकाजींच्या म्हणण्यातला खरा मुद्दा हा. दुबईचं मात्र वेगळं, यूएई २०२० पासून त्या यादीत आहे, ब्रिटन आणि सिंगापूर तर आधीपासून, तिथल्या वरच्या कोर्टांचे पैशाचे निकाल इथं थेट लावता येतात. त्यामुळे दुबईच्या पार्सलांचा हिशोब, लेबल, परवाने हे न्यू जर्सीपेक्षा जास्त चोख ठेवा.

बिलावरचं ते 'नागपूर न्यायक्षेत्राच्या अधीन' छापत राहा, शाई फुकट जात नाही. ज्या व्यापाऱ्यानं करारात ते मान्य केलंय त्याच्याशी भांडण झालं तर त्याचा उपयोग होतो. पण ट्रेडमार्कवाली कंपनी तुमची गिऱ्हाईक नाही, तिनं तुमचं बिल कधी पाहिलंच नाही, तिला ते कसं लागू होईल. उलट ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १३४ नं मालकाला स्वतः जिथं धंदा करतो तिथं दावा टाकायची मुभा दिलीय. आणि घरगुती गिऱ्हाईकाला तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं स्वतःच्या गावात तक्रार करायचा हक्क दिलाय, पुण्याच्या बाईला बर्फीत बुरशी सापडली तर ती पुण्याच्या आयोगात जाणार, तुमच्या बिलावर नागपूर कितीही ठळक असो.

आता तो मुलगा. ताई, त्याचा हेतू चांगला असेल, मी नाही म्हणत नाही, पण "माझ्या अकाउंटवरून घेऊन टाकतो" हे वाक्य ऐकलं की माझ्यासारख्या वकिलाच्या पोटात गोळा येतो. सीताबर्डीपासून आयटी पार्कपर्यंत किती दुकानदार सापडतील ज्यांचं डोमेन कागदोपत्री डेव्हलपरच्या नावावर आहे आणि त्यांना पत्ताच नाही. मुलगा पुढे बंगलोरला नोकरीला लागतो, फोन नंबर बदलतो, रिन्यूअलचे मेल त्याच्या जुन्या आयडीवर जाऊन पडतात, आणि दिवाळीच्या तोंडावर साइट गायब. किंवा पैशावरून बिनसलं तर तो कुलूप लावून बसतो, आणि मग तुम्ही मालक कशावरून हे सिद्ध करायचं काम तुमच्याकडे. अशा भांडणात व्हर्जिनिया नाही, जिनिव्हा नाही, समोर आपलाच नागपूरचा पोरगा असतो, आणि तरी वर्षं जातात. तेव्हा अकाउंट तुम्ही उघडा, तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाईलवर, पैसे तुमच्या कार्डानं, बिल तुमच्या धंद्याच्या नावानं. नोंदणीत मालकाच्या रकान्यात तुमचं किंवा फर्मचं नाव, त्याचं हवं तर टेक्निकल संपर्कात टाका. आणि ज्या ईमेलवर अकाउंट आहे तो त्याच डोमेनवरचा ठेवू नका, डोमेन बंद पडलं की मेलही बंद आणि पासवर्ड बदलायचा रस्ताही बंद. त्यानं आधीच घेऊन टाकलं असेल तर आजच ट्रान्सफरचा ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायला लागणारा पासवर्ड, मागा. नवीन डोमेन ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे सहसा हलत नाही, पण त्याच रजिस्ट्रारमध्ये तुमच्या अकाउंटला ढकलता येतं का ते त्याला विचारायला लावा. आणि जाऊबाईंशीही आत्ताच ठरवून घ्या की डोमेन कोणाचं, फर्मचं का एकीचं. आत्ता हसून ठरेल.

राहिलं नाव. 'ऑरेंज सिटी' आणि 'नागपूर' हे दोन्ही शब्द गावात इतके वापरात आहेत की यावर तुमचा एकटीचा हक्क बसणार नाही, हॉटेल, शाळा, लॉन, सगळ्यांनी आधीच घेतलेत. त्यामुळे कोणी तुम्हाला सहज अडवणारही नाही आणि तुम्ही कोणाला अडवू शकणार नाही, बार्सिलोनासारखंच. शिवाय नागपूरच्या संत्र्याला २०१४ पासून जीआय टॅग आहे, म्हणून बर्फीत संत्री नागपूरचीच असतील तरच तसं छापा, दुसरीकडचा पल्प वापरून 'नागपूर संत्रा' लिहिलं तर तिथं ट्रेडमार्कच्याही आधी पकडतील. माझं ऐकाल तर दोघींच्या नावांतून किंवा आजेसासूच्या नावावरून काहीतरी वेगळं काढा, कोणाच्या ब्रँडची आठवण न येणारं. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर फुकटात सर्च करता येतं, तिथं वर्ग ३० मध्ये पाहा, मिठाई आणि मसाले दोन्ही त्यात येतात. मोकळं असेल तर आधी डॉट इन आणि डॉट कॉम घ्या आणि लगेच त्याच आठवड्यात ऑनलाइन अर्ज टाका, लहान उद्योगाला फी ४५०० रुपये आहे, पण त्यासाठी उद्यम नोंदणीचं सर्टिफिकेट लागेल. ते नसेल तर आधी ते काढा, त्याला पैसे लागत नाहीत.